‘कोणाच्याही हाती पडेल’ : अश्लीलतेचा कायदा आणि बालरक्षणाचा युक्तिवाद

एखादा ग्रंथ अगर चित्रपट प्रौढ नागरिकाच्या हातून काढून घेण्याचा अधिकार शासनास कोणत्या आधारावर प्राप्त होतो, ह्या प्रश्नाची अनेक उत्तरे आजवर दिली गेली आहेत. धर्म, लोकमर्यादा, सार्वजनिक शांतता, राष्ट्राची प्रतिष्ठा ही त्यांपैकी काही. परंतु ह्या सर्वांहून अधिक टिकाऊ ठरलेले उत्तर एकच असून ते म्हणजे ‘मुलांसाठी’. इतर कारणांचा प्रतिवाद करणारे पुष्कळ निघतात. मुलांचे नाव निघाले म्हणजे मात्र वादी-प्रतिवादी दोघेही आवाज खाली आणतात. प्रस्तुत लेखात ह्या युक्तिवादाचा, मुख्यतः इंग्लंडातून हिंदुस्थानात आलेल्या अश्लीलतेच्या कायद्यापुरता, मागोवा घ्यावयाचा आहे. मुलांचे रक्षण करावयास हवे की नको हा येथील प्रश्न नव्हे; ते करावयास हवे हे उघड आहे. प्रश्न असा आहे की, ज्या मुलाच्या नावाने हा कायदा उभा राहिला ते मूल त्या कायद्याच्या व्यवहारात प्रत्यक्ष कोठे आढळते काय, आणि आढळत नसल्यास त्याच्या जागी कोण उभे असते.

१

आरंभ १८५७ पासून करणे सोयीचे आहे. त्या वर्षी इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड कॅम्बेल यांनी अश्लील प्रकाशने जप्त करून नष्ट करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांस देणारे विधेयक पार्लमेंटात आणले. विषांच्या विक्रीवर निर्बंध घालण्याची चर्चा त्याच सुमारास सरदारसभेत चालू होती. कॅम्बेल यांच्यापुढे नुकतेच अश्लील पुस्तकांच्या विक्रीचे खटले चालले होते. सोमल आणि कुचला यांच्याहून भयंकर असे विष राजधानीच्या रस्त्यावर उघड विकले जात आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या वेळी काढले. विषाचा हा दृष्टान्त पुढे शंभर वर्षे ह्या वादात पुनःपुन्हा भेटतो. त्याची सोय उघड आहे: विष पिणाऱ्याच्या वयाची, बुद्धीची वा हेतूची चौकशी कोणी करीत नाही.

विधेयकास विरोध झाला. लॉर्ड लिंडहर्स्ट यांनी कोरेज्जोच्या ज्युपिटर व अँटिओपी ह्या चित्राचे उदाहरण देऊन, अशा अधिकारापुढे थोर चित्रकारांची चित्रेही सुरक्षित राहणार नाहीत, असे बजावले. कॅम्बेल यांनी जे आश्वासन दिले ते महत्त्वाचे आहे. तरुणांची नीती बिघडविणे हाच ज्यांचा एकमेव हेतू आहे, आणि जी कोणाही सुव्यवस्थित मनाच्या माणसास धक्का देतील, केवळ अशाच लिखाणास हा कायदा लागू होईल, असे त्यांनी सांगितले. धाकट्या ड्यूमाची त्या काळी गाजत असलेली ‘कॅमेलियावाली’ कादंबरी त्यांना पसंत नव्हती; तथापि तिचा बंदोबस्त कायद्याने नव्हे, लोकमताने व्हावा अशी त्यांची भूमिका होती.

म्हणजे १८५७ च्या आश्वासनात तरुणांचा उल्लेख होता तो लेखकाच्या हेतूशी जोडलेला होता. तरुणांना उद्देशून, त्यांना बिघडविण्यासाठी लिहिलेले ते अश्लील. ही व्याख्या अरुंद होती, आणि तिच्यात प्रौढ वाचकाच्या ग्रंथसंग्रहास हात लावण्यास वाव नव्हता.

अकरा वर्षांनी हे चित्र पालटले. वुल्व्हरहॅम्प्टन येथील हेन्‍री स्कॉट नामक धातूंच्या एका व्यापाऱ्याजवळून ‘दि कन्फेशनल अन्‌मास्क्‌ड’ ह्या पुस्तिकेच्या २५२ प्रती जप्त करण्यात आल्या. रोमन कॅथलिक पंथातील पापनिवेदनाच्या प्रथेवर टीका करण्यासाठी त्या पंथाच्या धर्मशास्त्र्यांच्या ग्रंथांतील उतारे तीत दिलेले होते. स्कॉट हा पक्का प्रॉटेस्टंट. पुस्तिका तो मूळ किमतीतच विकत असे, नफा घेत नसे. दंडाधिकाऱ्यांनी प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला, तेथील रेकॉर्डरने स्कॉटचा हेतू शुद्ध आहे म्हणून तो हुकूम फिरविला, आणि प्रकरण क्वीन्स बेंचपुढे गेले. कॅम्बेल यांच्या आसनावर आता सर अलेक्झांडर कॉकबर्न होते. त्यांनी १८६८ मध्ये जी कसोटी सांगितली ती ‘हिक्लिन कसोटी’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. ज्यांची मने अशा अनीतिकारक प्रभावास खुली आहेत व ज्यांच्या हाती असे प्रकाशन पडू शकेल, त्यांना भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती त्यात आहे काय, एवढेच पाहावयाचे, असे तिचे तात्पर्य आहे. पुस्तिका रस्त्याच्या कोपऱ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यास विकली जाते, तेव्हा ती तरुण-वृद्ध सर्वांच्याच हाती जाणार, हेही कॉकबर्न यांनी नमूद केले.

येथे दोन गोष्टी एकदम घडल्या. लेखकाचा हेतू कसोटीतून बाहेर गेला. आणि तरुण वाचक, जो १८५७ मध्ये लेखकाचा उद्दिष्ट वाचक होता, तो १८६८ मध्ये केवळ संभाव्य वाचक झाला. ‘पडू शकेल’ ह्या क्रियापदात सगळे सामर्थ्य आहे. जगातील कोणते पुस्तक कोणाच्या हाती पडू शकणार नाही? खटल्याच्या कथनात ती पुस्तिका वाचून बिघडलेला असा एकही तरुण दिसत नाही. तो दाखविण्याची जरूरच उरली नव्हती. कसोटीने त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून सोडवून गृहीतकाच्या आसनावर बसविले, आणि गृहीतकाची उलटतपासणी करता येत नाही.

२

हिंदुस्थानात ह्या विषयावरील पहिला अधिनियम १८५६ चा, म्हणजे कॅम्बेल यांच्या कायद्याच्याही एक वर्ष आधीचा आहे. पुढे भारतीय दंडसंहितेच्या २९२ व्या कलमात त्याचा समावेश झाला आणि संहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. हिक्लिन कसोटी अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने १८८१ मध्ये स्वीकारली व ती इतर प्रांतांतही रूढ झाली.

दंडसंहितेने एक अपवाद मात्र केला. देवळांवरील शिल्पे व देवांचे रथ ह्यांना कलम लागू होणार नाही. परक्या सरकारला धर्मात हात घालण्याची भीती होती, हे त्याचे कारण सरळ आहे. पण बालरक्षणाच्या दृष्टीने ह्या अपवादाकडे पाहिले म्हणजे एक चमत्कारिक स्थिती ध्यानात येते. पुस्तक वाचण्यास अक्षरओळख लागते, पैसे लागतात, दुकानात जावे लागते. रथोत्सवातील चित्रे व देवळाच्या भिंतीवरील मिथुने पाहण्यास काहीच लागत नाही. बापाच्या खांद्यावर बसलेले तीन वर्षांचे मूलही ती पाहते. कायद्याची खरी काळजी मुलाच्या डोळ्यांची असती तर हा अपवाद सर्वप्रथम विवाद्य ठरला असता. तो कधीच ठरला नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या देवदर्शनास जाणारी मुले त्यामुळे बिघडली असेही कोणी म्हटल्याचे आढळत नाही.

मुलाचा उल्लेख दंडसंहितेत स्पष्टपणे आला तो १९२५ मध्ये. अश्लील प्रकाशनांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविरुद्ध १९२३ साली जिनीव्हा येथे करार झाला होता. त्यास अनुसरून हिंदुस्थान सरकारने १९२५ चा आठवा अधिनियम केला व २९३ वे कलम नव्याने लिहिले. वीस वर्षांखालील व्यक्तीस अश्लील वस्तू विकणारास, देणारास वा दाखविणारास सहा महिन्यांपर्यंत कैद. साध्या अश्लीलतेस २९२ व्या कलमाखाली तीन महिने होती, तिच्या दुप्पट.

वीस ही मर्यादा थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. १८७५ च्या वयविषयक अधिनियमाप्रमाणे माणूस सामान्यतः अठराव्या वर्षी सज्ञान होतो. जमीन विकू शकतो, करार करू शकतो. पुस्तक विकत घेण्याच्या बाबतीत त्याला आणखी दोन वर्षे अज्ञान धरण्यात आले. पण खरी विसंगती ह्याहून गंभीर आहे. त्याच १९२५ सालात, त्याच दंडसंहितेतील ३७५ व्या कलमात दुरुस्ती होऊन संमतिवय वाढविण्यात आले. १८९१ मध्ये, ज्या वादाने महाराष्ट्र ढवळून निघाला त्या वादाअंती, ते बारा करण्यात आले होते. १९२५ च्या दुरुस्तीने ते परपुरुषाच्या बाबतीत चौदा आणि पतीच्या बाबतीत तेरा झाले. तेव्हा एकाच वर्षी, एकाच विधिमंडळाने केलेल्या कायद्याचा एकत्रित अर्थ असा होतो की, तेरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीशी तिच्या नवऱ्याने केलेला शरीरसंबंध गुन्हा नव्हे. पण त्या संबंधाचे अश्लील ठरणारे वर्णन असलेले पुस्तक तिला ती एकोणीस वर्षांची झाल्यावरही देणे हा गुन्हा, आणि तोही दुप्पट शिक्षेचा. शारदा अधिनियम होऊन मुलीचे विवाहवय चौदा ठरले ते १९२९ मध्ये. ह्या कायद्यास बालकाच्या देहाहून बालकाच्या वाचनाची चिंता अधिक होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

३

ह्याच विसंगतीवर बोट ठेवणारा माणूस त्या काळी मुंबईत होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले होते व जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक ते चालवीत होते. ते मासिक त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालले. कर्व्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, अज्ञान हे रक्षण नव्हे. लैंगिक विषयाची माहिती शास्त्रीय पद्धतीने न मिळाल्यामुळे तरुण मनुष्य भोंदू वैद्यांच्या व अफवांच्या हाती सापडतो, गुप्तरोग व नको असलेली अपत्ये हे त्याचे फळ होय. त्यांचा युक्तिवाद तरुणांच्या हिताच्या नावानेच केलेला होता, हे विसरू नये. एकाच हिताच्या नावाने सरकार एक मागत होते व कर्वे नेमके उलट मागत होते.

‘व्यभिचाराचा प्रश्न’ ह्या लेखाबद्दल १९३१ मध्ये त्यांच्यावर खटला होऊन शंभर रुपये दंड झाला; उच्च न्यायालयातही निकाल कायम राहिला. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ मध्ये दुसरा खटला झाला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने काम चालविले. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवरील ते प्रश्न होते. ह्यांतील पहिला तरी पौगंडावस्थेत पदार्पण केलेल्या प्रत्येक मुलास पडतो आणि तो विचारावयास त्याला घरात वा शाळेत जागा नसते. कर्व्यांनी त्यास शास्त्राधारे उत्तर दिले. लोकांनी असे प्रश्न विचारले तर शास्त्रज्ञाने उत्तर का देऊ नये, अशा धोरणाने आंबेडकरांनी बाजू मांडली. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. खटला हरला, दंड दोनशे रुपये.

हिक्लिन कसोटीत ह्याहून वेगळे काही होणे कठीणच होते. हेतू तपासावयाचा नाही, लिखाण कोणाच्या हाती पडू शकेल ते पाहावयाचे, आणि पडेल त्यांतील सर्वांत दुर्बल मनाचा वाचक प्रमाण मानावयाचा. ह्या चौकटीत कर्व्यांची सारी विद्वत्ता व सारी तळमळ अप्रस्तुत ठरते. कोवळ्या मनाला जे समजावून सांगावयाचे, तेच कोवळ्या मनाच्या नावाने बंद.

मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ ह्या १९४७ च्या संग्रहावरील खटला येथे केवळ उल्लेखापुरता घेतो. ते निर्दोष सुटले. परंतु मराठी नवकाव्याच्या पहिल्या महत्त्वाच्या संग्रहास न्यायालयाची पायरी चढावी लागली ही गोष्ट उरतेच. आणि ती कविता मुलांनी वाचावी म्हणून लिहिलेली आहे असा समज तिच्या कट्टर निंदकाचाही नसावा.

४

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बालरक्षणाच्या युक्तिवादास नवे बळ मिळाले, ते मुख्यतः चित्रपटामुळे. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ अधिनियमाने चित्रपटांची पूर्वपरीक्षा सुरू झाली होतीच. १९४९ च्या दुरुस्तीने एक मोठी सुधारणा केली: सर्वांस दाखविण्यायोग्य चित्रपटास ‘यू’ व केवळ प्रौढांस दाखविण्यायोग्य चित्रपटास ‘ए’ अशी दोन प्रमाणपत्रे निर्माण केली. माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासातील सर्वांत विवेकाची पायरी हीच होय. पुस्तकाच्या कायद्याने जे कधी केले नाही ते येथे केले गेले. वाचक-प्रेक्षकांचे दोन वर्ग वेगळे करून मुलाला मुलाच्या जागी व प्रौढाला प्रौढाच्या जागी बसविले.

तत्त्वतः ह्यानंतर ‘ए’ चित्रपटाच्या बाबतीत बालरक्षणाचा मुद्दा संपावयास हवा होता, कारण थिएटरच्या दारातच मुलाला अडविलेले आहे. व्यवहारात ‘ए’ प्रमाणपत्र देऊन शिवाय कात्रीही चालविण्याची पद्धत चालू राहिली. मूल बाहेर, आणि दृश्यही बाहेर. मग कात्री कोणासाठी? प्रौढांच्या नीतीसाठी, असे स्पष्ट म्हटले असते तर निदान त्यावर वाद घालता आला असता.

१९५४ मध्ये दिल्लीतील सुमारे तेरा हजार स्त्रियांनी पंतप्रधान नेहरूंकडे अर्ज केला की, चित्रपटांमुळे आमची मुले अकाली प्रौढ होत आहेत, शाळा चुकवीत आहेत, त्यास आळा घाला. त्याच वर्षी लीलावती मुनशी यांनी राज्यसभेत अनिष्ट चित्रपटांविरुद्ध ठराव मांडला. ह्या स्त्रियांची चिंता खोटी नव्हती. शहरे झपाट्याने वाढत होती, फाळणीनंतरच्या दिल्लीत तर विशेषच. मुलांना खेळावयास जागा नव्हती आणि सिनेमाचे तिकीट स्वस्त होते. १९५५ मध्ये बाल चित्रपट संस्था स्थापन झाली. मुलांना काय दाखवू नये ह्याऐवजी काय दाखवावे ह्याचा विचार करणारी संस्था म्हणून तिची नोंद घेतली पाहिजे, जरी ह्या विषयावरील लेखनात तिला सहसा एखाद्या वाक्याहून अधिक जागा मिळत नाही.

ह्याच सुमारास अमेरिकेत व इंग्लंडात भयकथांच्या चित्रपुस्तिकांविरुद्ध मोठी मोहीम झाली. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थॅम यांचा ‘सिडक्शन ऑफ दि इनोसंट’ हा ग्रंथ १९५४ चा. बालगुन्हेगारीचे खापर त्यांनी ह्या पुस्तिकांवर फोडले. अमेरिकन सेनेटच्या उपसमितीने चौकशी केली, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. इंग्लंडने १९५५ मध्ये कायदा केला व आपण १९५६ मध्ये. वर्थॅम यांची कागदपत्रे अभ्यासकांस खुली झाल्यावर कॅरल टिली ह्या संशोधिकेने २०१२ मध्ये दाखवून दिले की, मुलांच्या मुलाखतींत त्यांनी फेरफार केले होते, अनेकांची कथने एकत्र केली होती, प्रतिकूल तपशील गाळले होते. वर्थॅम हा गरिबांच्या मुलांसाठी खरोखर झटलेला मनुष्य होता. म्हणूनच हे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. एकदा तरी प्रत्यक्ष मुले पुराव्यात आणली गेली, आणि तीही लेखकाच्या सोयीने बोलती केली गेली.

आपल्या १९५६ च्या ‘तरुण व्यक्ती (अपायकारक प्रकाशने) अधिनियमा’चे वाचन विद्यार्थ्यांनी मुळातून करावे. गुन्हे, हिंसा व क्रौर्य, किळसवाण्या वा भयंकर घटना ह्यांचे चित्रण प्रामुख्याने करणाऱ्या, आणि त्यामुळे तरुण व्यक्तीस बिघडवू पाहणाऱ्या गोष्टींच्या प्रकाशनास तो लागू होतो. ह्या यादीत लैंगिक विषयाचे नाव नाही. इंग्लंडच्या कायद्यात सतरा वर्षांखालील व्यक्ती अभिप्रेत होत्या. आपल्याकडे मर्यादा पुन्हा वीसच. म्हणजे खास मुलांसाठी म्हणून केलेला कायदा हिंसेविषयीचा, आणि प्रौढांसकट सर्वांस बांधणारा २९२ कलमाचा कायदा लैंगिकतेविषयीचा. ह्यांपैकी न्यायालयीन चर्चेत पदोपदी भेटतो तो दुसरा. पहिल्याचे नाव क्वचितच ऐकू येते.

५

१२ डिसेंबर १९५९ रोजी मुंबईतील ‘हॅपी बुक स्टॉल’ ह्या पुस्तकांच्या दुकानात एक गिऱ्हाईक आले व डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ची संपूर्ण आवृत्ती त्याने विकत घेतली. गिऱ्हाईक बनावट होते. दुकानाच्या चार भागीदारांवर खटला होऊन प्रत्येकी वीस रुपये दंड झाला. रणजित उदेशी ह्या भागीदाराने प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. मुल्कराज आनंद यांनी ग्रंथाच्या वाङ्मयीन मूल्याविषयी साक्ष दिली होती.

दरम्यान इंग्लंडात ह्याच कादंबरीवरून पेंग्विन प्रकाशनावर झालेला खटला २ नोव्हेंबर १९६० रोजी सुटला होता. त्या खटल्यातील सरकारी वकिलाने ज्यूरीस विचारले होते की, आपल्या तरुण मुलांनी, मुलींनी हे पुस्तक वाचलेले आपणांस चालेल काय. आणि त्या ओघात पुढे पत्नीचा, इतकेच नव्हे तर नोकरांचाही उल्लेख केला होता. ज्यूरीत स्त्रियाही होत्या. ह्या प्रश्नाची पुढे पुष्कळ थट्टा झाली, पण इतिहासाच्या अभ्यासकास तो अमोल आहे, कारण त्या रांगेत मुलापाठोपाठ कोण उभे आहे हे त्यात उघड झाले. मुले, स्त्रिया, नोकर. वसाहतीत ह्या रांगेत ‘नेटिव्ह’ही होता. ज्याच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घ्यावयाचा त्या प्रत्येकास कायदा मूल म्हणत आला आहे. रांगेतील इतर एकेक करून बाहेर पडले. मूल बाहेर पडू शकत नाही, म्हणून सारा भार अखेर त्याच्यावर आला.

१९ ऑगस्ट १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने उदेशींचे अपील फेटाळले. निकालपत्र न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे. हिक्लिन कसोटी टाकून देण्याचे कारण नाही. कलेने अश्लीलतेस झाकोळून टाकले पाहिजे, इतकी ती वरचढ हवी. आणि विक्रेत्यास मजकूर ठाऊक होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर नाही, असे त्यात ठरले. जे स्वतःचे रक्षण करू शकतात त्यांच्यासाठी हा कायदा नसून, ज्यांची मने अशा लेखनातून चोरटे सुख घेतात त्यांच्या रक्षणासाठी तो आहे, असाही विचार त्यात येतो. पुस्तक ज्याच्या हाती ‘पडले’ ते मात्र पाठविलेले गिऱ्हाईक होते.

ह्या ठिकाणी अमेरिकेतील एका निकालाशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. मिशिगन राज्याच्या कायद्यात तरुणांना बिघडवू शकणारे पुस्तक कोणासही विकण्यास मनाई होती. डेट्रॉइट येथे बटलर नावाच्या विक्रेत्याने एक कादंबरी विकली, आणि तेथेही घेणारा पोलीसच होता. १९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अवैध ठरविला. ह्या कायद्याने राज्यातील सगळी प्रौढ प्रजा मुलांच्या वाचनाच्या पातळीवर आणून ठेवली आहे, डुकराचे मांस भाजण्यासाठी घरच पेटविण्याचा हा प्रकार आहे, अशा आशयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांचे विवेचन आहे. दोन्ही प्रकरणी वस्तुस्थिती जवळजवळ सारखी, निष्कर्ष परस्परविरुद्ध.

आपल्या न्यायालयाने ह्या प्रश्नाकडे थेट पाहिले ते एका मराठी कथेच्या निमित्ताने. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ ह्या कथेवरील खटला १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कथा एका तरुणाच्या प्रेमसंबंधांची. तिच्या वाङ्मयीन गुणांविषयी न्यायालयाचे मत फारसे अनुकूल नव्हते. आणि तरीही न्यायमूर्ती जगन्मोहन रेड्डी यांच्या निकालपत्राने लेखकास निर्दोष ठरविले. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा: असे प्रसंग वाचल्यानेच पौगंडावस्थेतील वाचक भ्रष्ट होईल असे खात्रीने म्हणता येत नाही, असे प्रसंग त्याला पुढे आयुष्यात भेटतील व त्यांना तोंडही द्यावे लागेल. एकेकाळी इंग्रजी लेखक अविवाहित मुली डोळ्यांसमोर ठेवून लिहीत, परंतु समाज आता बदलला आहे. एखादा अपवादात्मक वाचक नव्हे, तर ज्यांच्या हाती लिखाण जाते त्या वर्गावर काय परिणाम होईल हे पाहिले पाहिजे.

ह्या निकालाचे महत्त्व आपल्या टीकाकारांनी पुरेसे ओळखलेले नाही असे मला वाटते. लॉरेन्सच्या कादंबरीच्या तुलनेत ‘श्यामा’ ही सामान्य कथा, म्हणून तिच्यावर बोलण्यास संकोच वाटत असावा. पण एका शतकानंतर प्रथमच ह्या निकालपत्रात तरुण वाचक हा काचेचे भांडे नसून अनुभव घेणारा, वाचलेल्याशी आयुष्य ताडून पाहणारा मनुष्य म्हणून उभा राहिला. कर्वे जे १९२७ पासून सांगत होते त्याचा हा फार दूरचा पण ओळखू येणारा प्रतिध्वनी आहे.

त्याच वर्षी संसदेने दंडसंहितेत दुरुस्ती केली. ‘ज्यांच्या हाती पडू शकेल’ ह्याऐवजी, सर्व परिस्थिती लक्षात घेता जे वाचण्याचा वा पाहण्याचा संभव आहे अशा व्यक्ती, अशी भाषा आली. शास्त्र, वाङ्मय, कला, विद्या ह्यांच्या हितासाठी अपवादही आला. शक्यतेची जागा संभाव्यतेने घेतली, हा बदल लहान नव्हे. उलट बाजूस २९३ व्या कलमाची शिक्षा सहा महिन्यांवरून पहिल्या गुन्ह्यास तीन वर्षे व नंतरच्या गुन्ह्यास सात वर्षे इतकी झाली.

पुढच्याच वर्षी ख्वाजा अहमद अब्बास यांच्या चार शहरांवरील अनुबोधपटाचा निकाल लागला. कलकत्ता, मुंबई, मद्रास व दिल्ली येथील श्रीमंत व गरीब जीवनातील अंतर दाखविणाऱ्या ह्या पटात मुंबईच्या वेश्यावस्तीचे थोडे दृश्य होते. मंडळाने ‘ए’ देऊ केले, अब्बास यांना ‘यू’ हवे होते. केंद्र सरकारने काही भाग कापल्यास ‘यू’ देण्याचे मान्य केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात उभे राहिल्यावर सरकारने काटछाट न करताही ‘यू’ देण्याची तयारी दर्शविली. मुलांना असलेला धोका न्यायालयाच्या दारात नाहीसा झाला! अब्बास यांनी मात्र माघार न घेता पूर्वपरीक्षेच्या तत्त्वासच आव्हान दिले. २४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी चित्रपटांची पूर्वपरीक्षा घटनेस धरून आहे असा निर्णय दिला, आणि त्याचे एक कारण म्हणून, मुले व पौगंडावस्थेतील प्रेक्षक पडद्यावरील दृश्य अधिक सहज खरे मानतात, हे सांगितले. पण त्याच निकालपत्रात त्यांनी हेही बजावले की, आपल्यातील सर्वांत दुर्बल व सर्वांत विकृत माणसाच्या रक्षणाच्या मापाने निरोगी मनाच्या नागरिकाने काय पाहावे व वाचावे हे ठरता कामा नये. १९६४ चे आणि १९७० चे हिदायतुल्ला एकाशेजारी एक ठेवून वाचण्यासारखे आहेत.

६

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. २००६ मध्ये अजय गोस्वामी प्रकरणी, वृत्तपत्रांतील मजकुरापासून मुलांचे रक्षण करण्यासाठी सरसकट बंधने घालावीत ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तसे केल्यास वृत्तपत्रे फक्त मुलांसाठीच निघतील व प्रौढ वाचक वंचित राहील, असे कारण दिले. हिक्लिन कसोटी २०१४ मध्ये अवीक सरकार प्रकरणी शेवटी सोडून देण्यात आली. चित्रपटांच्या बाबतीत २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ वर्गाचे सात, तेरा व सोळा वर्षे असे टप्पे पाडले. १९४९ च्या विभागणीचाच हा विस्तार होय.

ह्या सर्वांहून महत्त्वाची घटना वेगळ्या दिशेने आली. १८५६ पासून दीडशे वर्षे अश्लीलतेच्या अखिल भारतीय कायद्यास मूल माहीत होते ते वाचक वा प्रेक्षक म्हणून. अश्लील चित्र ज्याचे घेतले जाते, ते मूल स्वतंत्रपणे त्याच्या दृष्टीसच पडले नव्हते. ते चित्रही इतर कोणत्याही अश्लील चित्रासारखेच, आणि त्यातला गुन्हा पाहणाराची नीती बिघडविण्याचा. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील ६७-ख हे कलम २००९ मध्ये अमलात आले व २०१२ मध्ये बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा अधिनियम झाला, तेव्हा प्रथम हे मूल कायद्याच्या मध्यभागी आले. ह्या गुन्ह्यात गृहीत धरावयाचे काही नसते. मूल खरे असते, इजा खरी असते, आणि ते मूल साक्ष देऊ शकते.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. २९२ व २९३ ह्या कलमांची जागा २९४ व २९५ ह्यांनी घेतली. ‘वीस वर्षांखालील व्यक्ती’ हे १९२५ चे शब्द जाऊन त्या ठिकाणी ‘बालक’, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती, असा शब्द आला. देवळांतील शिल्पे व देवांचे रथ ह्यांविषयीचा अपवाद मात्र नव्या कलमातही पूर्ववत्‌ कायम आहे.